पुस्तक छापणे आणि पुस्तक पोचविणे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



चळवळीत उभे आयुष्य घालविलेला कार्यकर्ता साठीच्या आसपास लिहावयास बसतो. गिरणीतला संप, धरणग्रस्तांचा मोर्चा, तुरुंगातले दिवस, गावकुसाबाहेरचे बालपण ह्यांतले काही तरी त्याला सांगावयाचे असते. दोन-तीन वर्षांच्या कष्टाने हस्तलिखित पुरे होते आणि मग खरी अडचण सुरू होते. नामांकित प्रकाशकाकडे पाठवावे, तर महिनोन् महिने उत्तर येत नाही. स्वतः छापावे, तर निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेला हात घालावा लागतो. अनेकजण दुसरा मार्ग पत्करतात. प्रकाशन समारंभ होतो, हार-तुरे होतात, आणि पुढे कित्येक वर्षे सुतळीने बांधलेले गठ्ठे घरातल्या खाटेखाली पडून राहतात.

ह्या अनुभवातून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. पुस्तक खपावयाचे असेल तर लेखकाने प्रकाशक शोधावा, की ते स्वतः प्रसिद्ध करावे? प्रश्न व्यवहाराचा आहे, आणि व्यवहाराला कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि तो ज्या रीतीने विचारला जातो, तिच्यात एक गफलत आहे. पुस्तक छापण्याचा खर्च कोणी करावयाचा, एवढ्यापुरताच तो विचारला जातो. छापलेले पुस्तक वाचकाच्या हातापर्यंत कोण नेणार, हा त्याचा अर्धा भाग मागेच राहतो. पुस्तकाचे भवितव्य ठरते ते ह्या दुसऱ्या भागावर.

नाकारलेल्या हस्तलिखितांचा इतिहास

महाराष्ट्रात स्वतःचे पुस्तक स्वतः छापणे हा कधी हौसेचा, तर कधी नाइलाजाचा भाग होता. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडले. कमिटीने ते नाकारले. त्या काळी ग्रंथकाराला आश्रय देणारी ही मोठी संस्था होती, आणि तिच्या नकाराचा परिणाम असा झाला की हे नाटक वाचकांसमोर छापील रूपात आले ते १९७९ साली. एका समितीच्या नापसंतीमुळे एक कृती सव्वाशे वर्षे अंधारात राहिली.

जोतीरावांनी ह्यातून धडा घेतला. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ साली त्यांनी स्वतःच छापविले. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. ह्या दोन घटना एकाच वर्षातल्या आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुस्तक आणि त्याचा वाचकवर्ग संघटित करणारी संस्था अशा दोन्ही गोष्टी त्या एकाच माणसाने उभ्या केल्या.

ह्या इतिहासाला एक बोचरी बाजूही आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ जोतीरावांनी १८८३ साली पुरा केला. त्याचे आरंभीचे भाग ‘दीनबंधू’ ह्या सत्यशोधकांच्याच पत्रात आले, आणि पुढचे छापण्याचे संपादकांनी थांबविले. संपादक होते नारायण मेघाजी लोखंडे, कामगार चळवळीचे आद्य प्रवर्तक आणि जोतीरावांचे निकटचे सहकारी. म्हणजे लेखकाला अडविणारा दरवाजा नेहमी शत्रूच्याच घराचा असतो असे नाही. तो स्वकीयांच्या घरालाही असू शकतो. चळवळीच्या नियतकालिकांनी आणि प्रकाशनांनी ही गोष्ट विसरता कामा नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे १९३६ सालचे उदाहरण सर्वश्रुत आहे, पण पुस्तकविक्रीच्या दृष्टीने त्याकडे क्वचितच पाहिले जाते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद दिले. अध्यक्षीय भाषणातील विचार मंडळाच्या लोकांना पेलवेनात, आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ ह्या नावाने स्वतः प्रसिद्ध केले. इंग्रजी आवृत्तीच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्याचे त्यांनीच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. गुजराती आणि तामिळ भाषांतरे निघाली आणि मराठी, हिंदी, पंजाबी व मल्याळम भाषांतरांचे काम सुरू झाले.

ह्या पुस्तिकेची किंमत ८ आणे होती. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये तिच्यावर लिहिताना ही किंमत २ आणे, निदान ४ आणे तरी करावी अशी सूचना केली. मतभेद तर त्यांनी सविस्तर मांडलेच. पण सुधारकाला हे भाषण टाळून पुढे जाता येणार नाही, हेही सांगितले. विरोधकाने गंभीरपणे केलेल्या परीक्षणाने पुस्तकाचे जे काम होते ते जाहिरातीने होत नाही. आज चळवळीची किती साप्ताहिके आपल्याच कार्यकर्त्याच्या पुस्तकाची अशी परखड दखल घेतात? बहुधा मुखपृष्ठाचे छायाचित्र आणि चार ओळींचे कौतुक एवढ्यावर काम भागविले जाते. त्याने लेखकाला बरे वाटते. प्रत मात्र विकली जात नाही.

स्वबळाची मर्यादा

ह्यावरून स्वप्रकाशन हाच राजमार्ग असे अनुमान कोणी काढील, तर त्याच बाबासाहेबांच्या आयुष्यातला वीस वर्षांनंतरचा प्रसंग त्याने पाहावा. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५६ साली सिद्ध होत होता. छपाईचा खर्च सुमारे २०,००० रुपये होता आणि तो त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला २,५०० वर्षे पूर्ण होत असल्याचा उत्सव भारत सरकार साजरा करीत होते. म्हणून सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले, आणि ग्रंथालयांना व पाहुण्यांना देण्यासाठी सरकारने सुमारे ५०० प्रती विकत घ्याव्यात, असे सुचविले. नेहरूंनी असमर्थता कळविली. ६ डिसेंबर रोजी बाबासाहेबांचे निधन झाले; ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९५७ साली.

पुस्तिका आणि ग्रंथ ह्यांतला हा फरक भांडवलाचा आहे. शंभर पानांची पुस्तिका माणूस पदरमोड करून छापू शकतो. मोठ्या ग्रंथासाठी आधी पैसा गुंतवून नंतर वाट पाहण्याची ताकद लागते. ज्यांच्या अनुयायांची संख्या लाखांत होती, त्यांनाही ५०० प्रतींच्या आगाऊ खरेदीसाठी सरकारदरबारी लिहावे लागले. मग खेड्यातल्या शिक्षकाची किंवा निवृत्त गिरणीकामगाराची काय कथा?

प्रकाशकाचे ऋण आणि प्रकाशकाचा हिशेब

प्रकाशकाला केवळ दलाल समजणे हाही अन्याय होईल. १९६३ साली पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी पंचविशीतल्या भालचंद्र नेमाडे ह्यांची ‘कोसला’ ही पहिलीच कादंबरी प्रसिद्ध केली. रूढ कादंबरीच्या कोणत्याही साच्यात न बसणारे ते लेखन होते, आणि त्यावर पैसा लावण्याचे धाडस प्रकाशकाने केले. श्री. पु. भागवत ह्यांच्यासारख्या संपादकाने मौज प्रकाशनात हस्तलिखितांवर जे श्रम घेतले, त्यांवाचून मराठी साहित्य आहे तसे झाले नसते. जोखीम घेणे, संपादन करणे आणि पुस्तक दुकानांत पोचविणे अशी तीन कामे चांगला प्रकाशक करतो. जो लेखक स्वतः छापावयास निघतो त्याला ही तिन्ही कामे स्वतःच्या अंगावर घ्यावी लागतात, आणि बहुतेकांना ह्याची कल्पना छपाईचे बिल आल्यावर येते.

हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहावा. समजा, पुस्तकाची किंमत २०० रुपये आहे, ५०० प्रती काढावयाच्या आहेत, आणि प्रतीमागे ८० रुपये ह्या दराने छपाईला ४०,००० रुपये लागतात. प्रकाशकाने पुस्तक काढले आणि किंमतीच्या १० टक्के मानधन ठरले, तर सर्व प्रती खपल्यावर लेखकाला १०,००० रुपये मिळतील. त्याचा स्वतःचा एक पैसाही गुंतणार नाही. लेखकाने स्वतः काढले आणि विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली, तर प्रतीमागे १२० रुपये हाती येतील. सर्व प्रती खपल्या तर २०,००० रुपये उरतील, म्हणजे प्रकाशकाकडच्या दुप्पट. पण छपाईचा खर्च भरून निघण्यासाठीच ३३४ प्रती विकल्या जाव्या लागतील. शंभरच विकल्या गेल्या, तर २८,००० रुपयांची खोट येईल. टपालखर्च, ने-आण आणि विक्रेत्यांकडे थकलेली बाकी ह्यांची तर अजून मोजदादच केलेली नाही.

स्वप्रकाशनात लाभ जास्त आहे तो जोखीम जास्त आहे म्हणून. ही जोखीम मोठा व्यापारी पेलू शकतो, कारण त्याची दहा पुस्तके बुडाली तरी एक तरते. कार्यकर्त्याचे पुस्तक मात्र बहुधा एकच असते.

पैसे घेऊन छापणारे

ह्या दोन मार्गांच्या मध्ये गेल्या काही वर्षांत एक तिसराच धंदा उभा राहिला आहे. नाव प्रकाशनसंस्थेचे आणि खर्च लेखकाचा. छपाईच्या पैशांबरोबर संपादन, मुखपृष्ठ, ‘प्रसिद्धी’ अशा वेगवेगळ्या नावांनी रकमा घेतल्या जातात. त्या बदल्यात लेखकाला काही प्रती आणि प्रकाशकाचे बोधचिन्ह मिळते. अशा संस्थेचा नफा पुस्तक छापण्याआधीच पदरात पडलेला असतो. मग ते विकण्याची तिला निकड का वाटावी? ह्याला प्रकाशन म्हणता येत नाही आणि स्वप्रकाशनही म्हणता येत नाही, कारण खर्च लेखकाचा असूनही मालकी पुष्कळदा दुसऱ्याची होते.

म्हणून कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी लेखकाने कायद्यातल्या काही गोष्टी जाणून घ्याव्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीचे असावे लागते, आणि त्यात मानधनाचा उल्लेख असावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच मानले जाते. हक्क घेऊन एक वर्षाच्या आत तो वापरला नाही, आणि करारात निराळे काही ठरलेले नाही, तर तो हक्क लेखकाकडे परत येतो. कामगाराला नेमणूकपत्र मागावयास शिकविणारी चळवळ आपल्या लेखकांना करारपत्र मागावयास शिकवीत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

यंत्र सुधारले, वाट तीच राहिली

आता मागणीनुसार पन्नास प्रतीदेखील छापता येतात, ई-पुस्तक काढता येते, घरबसल्या ऑनलाइन विकता येते. ग्रंथक्रमांक, ज्याला आयएसबीएन म्हणतात, तो भारतात सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ह्या सर्व सोयींचा लाभ अवश्य घ्यावा. खाटेखालच्या गठ्ठ्यांवर थोड्या प्रती काढणे हा निदान निम्मा उपाय आहे. परंतु छापणे सोपे झाले म्हणून वाचक सापडणे सोपे झालेले नाही. उलट पुस्तकांची गर्दी वाढली, आणि तीत अनोळखी लेखकाचे नाव शोधून काढणारा वाचक विरळा झाला.

पोचविण्याची सार्वजनिक साधने मात्र आखडत चालली आहेत. टपालखात्याची नोंदणीकृत पुस्तक-टपालाची सवलतीची सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. छोट्या प्रकाशकांचा आणि गावोगावच्या वाचकांचा तो आधार होता. ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू झाली. सवलत पुन्हा मिळाली. पण सामान्य माणसाच्या हाती असलेली सोय एका आदेशासरशी कशी जाऊ शकते, हेही दिसून आले. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात १९६७ पासून आहे आणि गावोगाव हजारो अनुदानित ग्रंथालये उभी आहेत. लेखकाचा हा सर्वांत मोठा संभाव्य ग्राहक होय. तुटपुंज्या आणि उशिरा येणाऱ्या अनुदानामुळे त्याची खरेदी जेमतेम चालते. ग्रंथालयांच्या अनुदानाची मागणी ही केवळ ग्रंथपालांची मागणी नव्हे. ती लेखकाची आणि वाचकाचीही आहे, आणि म्हणून पक्षाच्या मागणीपत्रात तिला स्थान असले पाहिजे.

बारा लेखक, एकशेवीस रुपये

लेखक एकटा आणि व्यापारी संघटित, ह्या स्थितीला केरळातील लेखकांनी १९४५ साली एक उत्तर शोधले. कोट्टायम येथे बारा लेखकांनी १२० रुपये भांडवलावर साहित्य प्रवर्तक सहकारी संघ स्थापन केला. एम. पी. पॉल पहिले अध्यक्ष झाले. कारूर नीलकंठ पिळ्ळै ह्या शिक्षक-कथाकाराने चिटणीसपदाचा भार वाहिला. पहिले पुस्तक निघाले ते तकळी शिवशंकर पिळ्ळै ह्यांच्या कथांचे. संघाने लेखकाला ३० टक्के मानधन देण्याचा पायंडा पाडला. इतरत्र १० ते १५ टक्के हेच भाग्य समजले जाई, तेव्हाची ही गोष्ट.

केवळ छपाईवर हा संघ जगला नाही. डी. सी. किळक्केमुरी ह्यांनी उभारलेले ‘नॅशनल बुक स्टॉल’ हे विक्रीकेंद्र १९४९ मध्ये संघात आले, आणि विक्रीची व्यवस्था लेखकांच्याच मालकीची झाली. ह्या आधी वैकम मुहम्मद बशीर ह्यांच्यासारखा थोर लेखक आपली पुस्तके स्वतः काखोटीला मारून घरोघर विकत हिंडला होता. एका लेखकाची ती पायपीट बारा लेखकांनी एकत्र येऊन संस्थेत रूपांतरित केली. त्याला केरळच्या साक्षरतेची आणि गावोगावच्या वाचनालयांच्या चळवळीची जोड मिळाली, हे खरेच. पुढे डी. सी. बाहेर पडले आणि १९७४ साली त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. सहकारी संघालाही नंतर अडचणींचे दिवस पाहावे लागले. सहकार हा मंत्र म्हटला की काम झाले असे नसते. तो रोज चालवावा लागतो. साखर कारखान्यांचा अनुभव गाठीशी असलेल्या महाराष्ट्राला हे निराळे सांगावयास नको.

त्याच १९७४ साली मुंबईत दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रंथाली’ सुरू केली, आणि तिला वाचक चळवळ असे नाव दिले. केरळात लेखक एकत्र आले होते, येथे वाचकांना एकत्र आणण्याचा प्रयत्न झाला. दया पवार ह्यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण माने ह्यांचे ‘उपरा’ १९८० साली ग्रंथालीने प्रसिद्ध केले. ज्या जीवनाला मराठी मध्यमवर्गाच्या कपाटात जागा नव्हती, त्या जीवनाची ही पुस्तके घरोघर गेली. लेखणीचे सामर्थ्य त्यांत होतेच. पण त्यांच्यामागे वाचकांची बांधलेली फळीही होती.

चळवळीने काय करावे

मघाच्याच हिशेबाकडे पुन्हा वळावे. २०० रुपयांचे पुस्तक प्रकाशनपूर्व सवलतीत १६० रुपयांना द्यावयाचे ठरविले, आणि २५० माणसांनी आगाऊ रक्कम भरली, तर ४०,००० रुपये जमतात. छापखान्याचे सगळे बिल पुस्तक छापण्यापूर्वीच फिटते. लेखकाच्या पुंजीला धक्का लागत नाही, आणि उरलेल्या २५० प्रती विकून येणारा प्रत्येक रुपया पुढच्या लेखकाच्या पुस्तकाला उपयोगी पडू शकतो. एका जिल्ह्यात २५० वाचक ही पक्षाला अशक्य संख्या आहे काय? वर्गणी गोळा करण्याची, पावतीपुस्तक ठेवण्याची आणि शिबिराला दूरवरून माणसे आणण्याची सवय ज्या कार्यकर्त्याला आहे, त्याच्यापेक्षा चांगला पुस्तकविक्रेता कोणता प्रकाशक पगार देऊन नेमणार आहे?

अडचण संख्येची नाही, सवयीची आहे. चळवळीच्या माणसाला पुस्तक भेट मिळावे असे वाटते. प्रकाशन समारंभाला शंभर माणसे येतात आणि त्यांतली निम्मी ‘सप्रेम भेट’ लिहिलेली प्रत काखेत घालून घरी जातात. स्वतः पदाधिकारी असलेल्याला तर ती आपला हक्कच वाटतो. मजुराची मजुरी बुडविणाऱ्या मालकाविरुद्ध घोषणा देणारा माणूस लेखकाच्या श्रमाचे मोल द्यावयास मागेपुढे पाहतो, ही विसंगती कडू असली तरी बोलून दाखविली पाहिजे. निम्म्या भेटप्रती आणि निम्मे गठ्ठे, अशी ज्या लेखकाची वासलात लागली, तो दुसरे पुस्तक लिहीत नाही. आणि त्याच्या मनात असलेला चळवळीचा इतिहास त्याच्याबरोबरच संपतो.

तेव्हा प्रत्येक जिल्हा शाखेने तीन-चार साधी कामे हाती घ्यावीत. आगाऊ नोंदणीसाठी वाचकांची यादी तयार करून ती जपावी. पुस्तक छापण्यायोग्य आहे की नाही हे ठरविण्यासाठी, आणि त्यावर संपादनाचे खरे श्रम घेण्यासाठी, दोन-तीन जाणत्या माणसांकडे हस्तलिखित द्यावे. मैत्रीखातर होकार देऊ नये, आणि मत न पटल्याखातर ‘असुडा’सारखे काही अडवूही नये. सभा, शिबिर, अधिवेशन येथे पुस्तकांचे टेबल असावे, त्यावर रोखीने विक्री व्हावी आणि हिशेब त्याच दिवशी लेखकाला द्यावा. गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत पक्षाचा माणूस असेल, तर खरेदीच्या यादीकडे त्याने लक्ष घालावे.

ज्याला चांगला प्रकाशक मिळत असेल त्याने अवश्य त्याच्याकडे जावे, करार नीट वाचून जावे. ज्याला मिळत नसेल त्याने स्वतः छापावे, पण वाचक मोजून मगच छापावे. दोन्ही वाटांवर लेखकाला सोबत लागते. ती सोबत देणे हे संघटनेचे काम आहे, आणि त्याचा आरंभ करणे अगदी सोपे आहे: पुढच्या समारंभात पुस्तक भेट म्हणून हाती आले, तर त्याची किंमत लेखकाच्या हातावर ठेवावी.